आयरिश पूर्वज शोधायचेत? आधी टाउनलँड, मग चर्च, मग कबर

माझ्या सासूबाई बोस्टनच्या. त्यांचे आजोबा तरुणपणी आयर्लंडहून बोटीने अमेरिकेला गेले एवढंच घरात माहीत, आणि "आम्ही मूळचे कॉर्कचे" हे वाक्य लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही आयर्लंडमध्ये लिमरिकला राहायला आलो तेव्हा त्यांनी फोनवर घर कसंय, थंडी कितीय वगैरे काही विचारलं नाही, पहिलंच वाक्य, आता तिथेच आहेस तर आपल्या लोकांची कबर शोध. मी म्हटलं शोधते की, त्यात काय एवढं. दोन वर्षं गेली त्यात. आणि कॉर्कचे नव्हतेच हो ते, क्लेअर काउंटीचे, म्हणजे त्या जिल्ह्याचे निघाले. बोट क्वीन्सटाउनहून सुटलेली, म्हणजे आजचं कोव्ह, कॉर्कचं बंदर, त्यामुळे नातवंडांच्या डोक्यात कॉर्क बसलं. हा घोळ इतक्या घरांत होतो की आता कुणी मला कॉर्क म्हटलं की मी आधी विचारते, राहायला कॉर्क की बोट पकडायला कॉर्क?

पहिले सहा महिने मी उलट्या क्रमाने गेले, म्हणजे रविवार आला की गाडी काढायची, कुठल्यातरी ग्रेव्हयार्डात जायचं आणि आडनाव दिसतंय का बघत फिरायचं. हातात काय आलं तर चिखलाचे बूट. कारण इथे एकाच आडनावाची पन्नास घरं एका पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत असतात आणि सगळ्या घरांत जॉन, पॅट्रिक, मायकल हेच. नुसत्या नावाला काडीची किंमत नाही. किंमत आहे ती टाउनलँडला. टाउनलँड म्हणजे आपल्या भाषेत वाडी आणि तिचं शिवार समजा, आयर्लंडभर अशा ६०,००० हून जास्त आहेत, काहींत दोन घरं, काहींत आता एकही नाही. तो शब्द हातात आला की चर्चची वही, म्हणजे बाप्तिस्मा-लग्नांची नोंदवही, बोलायला लागते, त्याआधी ती नुसती नावांची रास असते.

तर टाउनलँड मिळवायचा कसा. आयर्लंडमध्ये नाही, जिथे ते लोक गेले तिथे. अमेरिकेतला, इंग्लंडमधला, ऑस्ट्रेलियातला कागद आधी उपसा. मृत्यूचा दाखला, नागरिकत्वाचे कागद, चर्चमधल्या लग्नाची नोंद, वर्तमानपत्रातली निधनवार्ता. आणि फक्त आपल्याच माणसाचा नाही, त्याच्या भावंडांचापण. आमच्या आजोबांच्या सगळ्या कागदांवर नुसतं "आयर्लंड" लिहिलेलं, जसं काय देश एका गावाएवढा आहे, पण त्यांच्या थोरल्या बहिणीच्या बोस्टनमधल्या कबरीच्या दगडावर पॅरिशचं नाव आणि काउंटी क्लेअर असं स्पष्ट कोरलेलं होतं. सासूबाई लहानपणापासून त्या कबरीवर फुलं ठेवायला जायच्या, वाचलं कधी कुणी नव्हतं! बोस्टनच्या 'पायलट' नावाच्या पेपरात १८३१ पासून हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती यायच्या, माझा भाऊ अमुक पॅरिशचा, अमुक साली आला, कुणाला माहीत असल्यास कळवा, अशा. त्यांचा डेटाबेस ऑनलाइन आहे, तोही बघून घ्या, त्यात काउंटी आणि बरेचदा पॅरिशही सापडतो.

आता वह्यांकडे. आधी एक वाईट बातमी. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि तिथलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस जळून गेलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे थोडे तुकडे सोडले तर सगळं राख. १८६१ आणि १८७१ चे कागद सरकारने आधीच नष्ट केलेले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धाच्या काळात रद्दीत लगद्यासाठी गेले. म्हणजे १९२२ च्या आधीची पूर्ण जनगणना मिळते ती १९०१ आणि १९११ ची, नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर, फुकट. जळालेल्यातलं दुसरीकडून जमवता येईल तेवढं जमवायचं काम चालू आहे, व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी म्हणून २०२२ मध्ये साइट सुरू झालीय, वेळ असेल तर डोकवा.

पण गंमत बघा. चर्च ऑफ आयर्लंड, म्हणजे १८७१ पर्यंतचं प्रोटेस्टंट सरकारी चर्च, त्याच्या वह्या १८७६ च्या कायद्याने सरकारी दस्तऐवज ठरल्या, म्हणून कितीतरी पॅरिशनी त्या नीट जपायला डब्लिनला पाठवल्या आणि अर्ध्याहून जास्त पॅरिशच्या तिथेच जळाल्या. कॅथलिक वह्यांना सरकारने विचारलंच नव्हतं, त्या आपल्या फादरच्या घरी कपाटात पडून राहिल्या आणि वाचल्या. त्यामुळे तुमचे लोक कॅथलिक असतील तर नशीब समजा. प्रोटेस्टंट असतील तर डब्लिनच्या चर्चटाउन भागातल्या आर सी बी लायब्ररीची, म्हणजे चर्च ऑफ आयर्लंडच्या लायब्ररीची यादी आधी बघा, कुठल्या पॅरिशची वही जळाली, कुठली उरली, ती कुठे ठेवलीय हे सगळं त्यात आहे. अल्स्टरकडचे, म्हणजे उत्तरेकडच्या प्रांतातले, प्रेस्बिटेरियन पंथाचे असतील तर बेलफास्टचं प्रोनी हे सरकारी दप्तरखानं, आणि क्वेकर पंथाचे असतील तर डब्लिनची त्यांची स्वतःची लायब्ररी, त्यांच्या नोंदी तर १६००च्या शतकापासूनच्या आहेत आणि त्या शिस्तीने ठेवल्यात की बाकीच्यांनी शिकावं. प्रेस्बिटेरियनवाल्यांना एक सांगते, १८४५ च्या आधीचं लग्न किंवा बाप्तिस्मा तुमच्या चर्चमध्ये नाही सापडला तर चर्च ऑफ आयर्लंडच्या वहीतपण बघा, तेव्हा सरकारी चर्च तेच होतं.

कॅथलिक वह्यांचे फोटो नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये ऑनलाइन टाकलेत, हजाराच्या वर पॅरिश, साधारण १८८० पर्यंतच्या नोंदी, एक पैसा लागत नाही. ते फोटो आहेत, त्यावर नावाने सर्च होत नाही, म्हणूनच टाउनलँड आणि पॅरिश आधी पाहिजे असं मी कोकलतेय. नावाने शोधायचं तर फाइंडमायपास्ट आणि अॅन्सेस्ट्रीवर इंडेक्स आहे, रूट्सआयर्लंडवर काउंटीवार आहे पण पैसे पडतात, आणि आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी साइटवर केरी, डब्लिन शहर, कार्लो आणि कॉर्कच्या काही भागातल्या चर्चच्या नोंदी फुकट दिसतात. त्याच साइटवर सरकारी जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदीपण आहेत, सगळ्या धर्मांच्या नोंदी १८६४ पासून, फक्त बिगर-कॅथलिक लग्नं १८४५ पासून. जन्म १०० वर्षांपूर्वीचे, लग्न ७५ आणि मृत्यू ५० वर्षांपूर्वीचे एवढेच उघडे असतात. इंडेक्सवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, अक्षर ओळखणाऱ्याने काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं, मूळ फोटो उघडाच.

पॅरिशचं एक लक्षात ठेवा, कॅथलिक पॅरिश वेगळा आणि सरकारी नकाशातला सिव्हिल पॅरिश वेगळा, सीमा जुळत नाहीत आणि बरेचदा नावही जुळत नाही. मी चार महिने चुकीच्या पॅरिशची वही वाचली आहे, रोज रात्री भांडी आवरून झाल्यावर, आता हसू येतं. टाउनलँड कुठल्या सिव्हिल पॅरिशमध्ये पडतो ते ग्रिफिथ्स व्हॅल्युएशनमध्ये बघायचं, १८४७ ते १८६४ मधली जमीन-घरांच्या कराची यादी आहे ती, आपल्या सातबाऱ्याची लांबची बहीण म्हणा, कोण कुणाच्या जमिनीवर कूळ होता ते नकाशासकट, तीपण फुकट. नावाचं स्पेलिंग आणि मूळ आयरिश रूप लॉगएनम साइटवर बघायचं. इथे एक छान युक्ती आहे, टाउनलँडच्या नावात सुरुवातीला किल असेल तर बरेचदा तो आयरिश भाषेतला चर्च या अर्थाचा शब्द असतो, टेंपल किंवा डोनाह असेल तरी चर्चच. म्हणजे तिथे जुनी चर्चची जागा आणि कदाचित जुनी दफनभूमी. पण किल म्हणजे जंगलपण होऊ शकतं, म्हणून खात्री करूनच गाडी काढा.

वही उघडली की पहिला धक्का, लॅटिन. घाबरायचं नाही, पंधरा-वीस शब्दांत काम भागतं. जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, जोआनेस म्हणजे जॉन, युजिनियस म्हणजे ओवेन, थॅडियस म्हणजे टिमोथी किंवा टाइग. होनोरा लिहिलंय ती घरात नोरा, अमेरिकेत जाऊन हॅना. ब्रिजेट तर बिडी होते, डिलियापण होते. आडनावातला ओ आणि मॅक कधी असतो कधी नसतो, एकाच बापाच्या दोन मुलांत एकाला ओ लागलेला आणि दुसऱ्याला नाही असं सर्रास, त्यावरून भांडण नको. बाप्तिस्म्याच्या ओळीत तारीख, बाळ, आईबाप, आईचं माहेरचं आडनाव आणि शेवटी दोन गॉडपेरेंट्स, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारे. ते शेवटचे दोघं सोडून देऊ नका, बहुतेक वेळा ते मामा-मावशी-काका-आत्या असतात, आणि सारख्या नावाच्या दोन जॉनमधला आपला कुठला हे त्यांच्यावरूनच कळतं.

तारखांवर रुसू नका. बाप्तिस्मा जन्मानंतर दोन-चार दिवसांत व्हायचा, सरकारी नोंद मात्र उशिरा, आणि उशिराला दंड होता म्हणून बाप सरळ जन्मतारीख पुढची सांगायचा. म्हणून बाळाचा बाप्तिस्मा त्याच्या जन्माच्या आधी झालेला दिसतो! वहीची तारीख खरी धरा. वयाचंही तेच. १९०१ मध्ये पन्नाशीतली बाई १९११ मध्ये एकदम सत्तरीची, कारण मध्ये १९०९ पासून ७० वर्षांवरच्यांना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शन सुरू झालं, आणि जन्मदाखला कुणाकडे होता.

लग्न शोधताना बायकोच्या पॅरिशमध्ये बघा, लग्न तिच्याकडेच लागायचं, पहिलं बाळंतपणही कधी कधी माहेरी. महिना कुठला तर फेब्रुवारी आणि मार्चची सुरुवात आधी चाळा, कारण लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, लागला की लग्नं बंद, म्हणून त्याच्या आदल्या मंगळवारपर्यंत सगळ्यांची घाई. त्या दिवसाची पानं गच्च भरलेली असतात, शाई पसरलेली, फादर बिचारा दमलेला दिसतो अक्षरातून. लग्नाच्या नोंदीत 'तिसऱ्या डिग्रीतलं नातं, परवानगी दिली' अशा अर्थाचं लॅटिन दिसलं तर उडी मारा, म्हणजे नवराबायकोचे पणजोबा-पणजी एकच, तुम्हाला एका ओळीत तीन पिढ्या वरचा धागा फुकट मिळाला.

आमचं घोडं १८७९ च्या बाप्तिस्म्यात अडलं होतं. एकच नाव, एकच पॅरिश, दोन बाळं, सात आठवड्यांच्या अंतराने. टाउनलँड वेगळे पण आमच्याकडे तोच तर नव्हता. मग स्क्रीनवर फोटो मोठा करताना एका बाळाच्या नावाशेजारी समासात बारीक, वेगळ्या शाईत काहीतरी खरडलेलं दिसलं. १९०८ पासून कॅथलिक चर्चचा नियम आला की माणसाचं लग्न जगात कुठेही झालं तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या पॅरिशला पाठवायची आणि समासात लिहायची. तिथे बायकोचं नाव होतं, १९०९ होतं आणि बोस्टन. रात्री साडेअकरा वाजता मी सासूबाईंना फोन लावला, त्यांच्याकडे संध्याकाळ होती, आणि त्यांच्या आजीचं माहेरचं नाव मी त्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, स्पेलिंग चुकवलंय फादरने.

म्हणजे समास वाचा. १८८० च्या पुढच्या वह्या पॅरिशमध्येच असतात, तिथल्या सेक्रेटरीला ईमेल करायची, फोन नको, अचानक दारात जाऊन तर मुळीच नको. एका ईमेलमध्ये एकच माणूस विचारा, अंदाजे साल, आईबापाची नावं, टाउनलँड, बस. तुमची पाच पानी कहाणी वाचायला त्या बाईला वेळ नसतो, आठवड्यातून दोन-तीन सकाळी काम करतात बऱ्याच जणी. वही दाखवायला ते बांधील नाहीत, अलीकडच्या नोंदी प्रायव्हसीमुळे देणारही नाहीत, उत्तर आलं की चर्चला थोडी देणगी पाठवायची पद्धत आहे, ती पाळा.

आता ग्रेव्हयार्ड. सगळ्यात मोठी चूक इथे होते, लोक आजचं कॅथलिक चर्च शोधतात आणि त्याच्या भोवती बघतात. ते चर्च बरेचदा १८०० नंतरचं, आणि लोक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून जुन्या मोडक्या मठाच्या नाहीतर मध्ययुगीन चर्चच्या आवारात पुरले जायचे, घराण्याची जागा तिथे ठरलेली. ती जागा पुढे चर्च ऑफ आयर्लंडच्या ताब्यात गेली तरी कॅथलिक तिथेच पुरत राहिले. म्हणून प्रोटेस्टंट आवार म्हणून सोडून देऊ नका. त्यात कॅथलिक वह्यांत दफनाच्या नोंदी फारच कमी, बाप्तिस्मा आणि लग्न लिहायचे, मेल्याचं लिहीत नसत बहुतेक ठिकाणी. म्हणजे दगड हाच कागद.

शहरात प्रकार वेगळा. डब्लिनचं ग्लासनेव्हिन हे ग्रेव्हयार्ड १८३२ मध्ये कॅथलिकांचे पुढारी डॅनियल ओकॉनल यांच्या प्रयत्नाने सुरू झालं, सगळ्या धर्मांसाठी, तिथे सुमारे १५ लाख लोक पुरलेले आहेत आणि नोंदी ठेवलेल्या आहेत, पैसे भरून बघता येतात. बेलफास्टच्या सिटी सिमेट्रीत तर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मेल्यावरही मिसळू नयेत म्हणून जमिनीखाली भिंत बांधलीय, खोटं नाही सांगत.

गावाकडे जाण्याआधी हिस्टॉरिकग्रेव्ह्ज साइट बघा, गावकऱ्यांनीच दगडांचे फोटो आणि जागा टाकलेल्या असतात. क्लेअरवाल्यांनी क्लेअर काउंटी लायब्ररीची साइट आधी, कबरींचे कितीतरी लेख तिथे टाइप करून ठेवलेत, मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे सहा रविवार वाचले असते. जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये, गवत आणि खाजकुयलीसारखी ती नेटल वाढायच्या आत. गमबूट, हातमोजे, स्वच्छ पाण्याची स्प्रे बाटली, एक हातभर आरसा, टॉर्च. शेतातून वाट असेल तर शेतकऱ्याला विचारा, फाटक जसं होतं तसं लावा, आणि बैल आहे का तेही विचारा, मी विचारलं नव्हतं.

दगड बहुतेक पूर्वेकडे तोंड करून असतात, त्यामुळे सकाळी लवकर ऊन समोरून सपाट पडतं आणि अक्षरं गायब होतात. दुपारी बाराच्या आसपास ऊन दगडाच्या कडेने घासून जातं तेव्हा प्रत्येक अक्षराची सावली उठते. ढग असले, म्हणजे असणारच, तर आरशाने नाहीतर टॉर्चने कडेकडून उजेड टाका आणि फोटो काढा. तारेचा ब्रश, ब्लीच, खडू, पीठ, शेव्हिंग फोम यातलं काही दगडाला लावायचं नाही. आयव्ही नावाची वेल ओढायची नाही, कधी कधी भिंत तिनेच धरलेली असते. जुन्या जागा कायद्याने संरक्षित आहेत, खणणं आणि मेटल डिटेक्टर तर विनापरवानगी गुन्हाच. आणि चालताना पाय जपून, खाली पोकळ असतं.

वाचताना दगड कुणी उभारला ते आधी बघा, "इरेक्टेड बाय" नंतरचं नाव हे जिवंत माणसाचं, कधी कधी पुढे त्याचं अमेरिकेतलं शहरही. रिलिक्ट म्हणजे विधवा. आणि एलियास हा शब्द दिसला तर चोर-दरोडेखोर समजू नका, जुन्या दगडांवर त्यानंतर बाईचं माहेरचं आडनाव असतं. आमच्या दगडावर तेच होतं. पडक्या चर्चच्या दक्षिण भिंतीला टेकलेला, खालच्या तीन ओळी मातीत, पाणी मारलं तसा काळा पडला आणि आरसा फिरवल्यावर आधी एक ए, मग एल, मग पुढचं आडनाव, १८७९ च्या गॉडमदरचं तेच आडनाव. शेजारच्या चार कबरींचेही फोटो काढा, लोक भाऊबंदांच्या शेजारीच असतात.

दगड नसेल तरी निराश होऊ नका, गरिबाला दगड परवडतच नव्हता. नुसता एक ओबडधोबड धोंडा रोवलेला असतो, नाव नाही काही नाही. दुष्काळातले, म्हणजे १८४५ ते १८५२ मधले, कितीतरी सामूहिक खड्ड्यात गेले, एकट्या कॉर्कमधल्या स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरीच्या दफनभूमीत ८,००० ते १०,००० आहेत. आणि बाप्तिस्मा न झालेली तान्ही बाळं किलीन नावाच्या वेगळ्या जागी, शेताच्या बांधावर, रात्रीची पुरायचे. तिथे पोचलात तर फोटोची घाई करू नका.

शेवटचं म्हणजे उन्हाळ्यात प्रत्येक पॅरिशचा सिमेट्री संडे असतो, फादर सगळ्या कबरींना आशीर्वाद देतो, सगळं गाव आपापल्या लोकांपाशी उभं असतं, परगावी गेलेलेसुद्धा येतात. तारीख पॅरिशच्या पत्रकात येते. सासूबाई मागच्या जूनमध्ये आल्या त्या ही तारीख धरूनच, मातीतल्या त्या दगडापाशी खुर्ची टाकून बसल्या. थोड्या वेळाने पलीकडच्या कबरीपासून एक म्हातारेबुवा काठी टेकत आले, दगडाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही यांच्यातल्या कुणाच्या? सासूबाईंनी आजोबांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, या नावाचे दोन होते, टेकडीवरचा की नदीकडचा?